हर्बर्टचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी, गंजकी गाडी आहे. फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढणे, एवढेच माझे काम. गोल करणाऱ्यांच्या कथा सोडून माझी कोण ऐकेल, असे वाटते. तरीही सांगते.

लोखंडाच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी हॅल्डरशॉ व्हिक्टोरिया या क्लबात आले. गाव सूतगिरण्यांचे, क्लब गरीब. मैदान राखणारे सीरिल ऑग्डेन दर शनिवारी मला ढकलत. नव्या कोऱ्या रेघा पाहून लोक "वा!" म्हणत. ते मला उद्देशून असावे, असे मी धरून चालले.

आमच्याकडे एक रीत होती. क्लबवर जीव असलेला माणूस गेला की त्याची रक्षा मैदानातच मिसळत. हर्बर्ट क्लेग हे आमचे जुने खेळाडू. सर्वांत मोठ्या सामन्यात त्यांची पेनल्टी गोलाबाहेर गेली होती. "मला पेनल्टीच्या त्या ठिपक्यातच ठेवा," असे ते सांगून गेले. त्यांची पत्नी एनिडबाई दर मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी ठिपक्यावर डेलियाची फुले ठेवू लागली.

पुढे एका वर्षी एनिडबाई कंबर मोडून लेकीकडे होती. तेव्हाच गोलामागचा रस्ता रुंद झाला. कुंपण आठ पावले आत आले, गोलही आला, आणि मी ठिपका आठ पावले पुढे काढला. हर्बर्ट मागेच राहिले, गोलरक्षकाच्या पायाखाली.

एनिडबाई परतली. तिला आता नीट दिसत नव्हते. ती थेट नव्या ठिपक्यापाशी गुडघ्यांवर बसली. सीरिलनी तोंड उघडले.

"एनिडबाई..."

"काय रे?"

"चहा घेणार?"

एकोणीस वर्षे असेच चालले. तिची पाठ वळली की सीरिल ती फुले उचलून गोलाजवळ ठेवत. मी पाहत असे.

मग क्लब बुडाला. मैदानावर घरे बांधायचे ठरले. शेवटचा सामना आम्ही हरलो. लोक जाळ्या, बाकडी, हाती लागेल ते आठवण म्हणून घेऊन गेले. एनिडबाई म्हणाली, "सीरिल, मला तेवढा ठिपका कापून दे. अंगणात लावीन. उद्या दहाला येते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सीरिल आले. ठिपक्यापासून त्यांनी मागे आठ पावले मोजली. चुकले असे वाटून पुन्हा मोजली. तिथला गवताचा तुकडा मातीसकट कापला आणि ठिपक्याच्या जागी बसवला. मग माझ्या टाकीत चुना कालवला. ठिपका वाकडा आला. त्यांचा हात चुकला, की माझेच चाक अडखळले? मला अजून कळलेले नाही.

एनिडबाई बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली आणि अगदी जवळ वाकून ठिपका पाहू लागली.

"चाळीस वर्षांत एक ठिपका धड काढता आला नाही तुला! आणि गवत किती विरळ रे हे!"

"शेवटच्या दिवशी तरी नावं ठेवू नका, बाई."

सीरिलनी तुकडा डब्यात ठेवला. तिने त्यावर हात फिरवला.

"चला हो हर्बर्ट, घरी."

ती फाटकाबाहेर जाईपर्यंत सीरिल टोपी हातात घेऊन उभे होते. नंतर माझ्या दांड्यावर डोके टेकून ते रडले. इतक्या वर्षांनी त्या मातीत हर्बर्ट किती उरले असतील, हे मला सांगता येणार नाही. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातल्या मातीत आणखी दोघे होते. त्यांना न्यायला कोणी आले नाही.

आता मी सीरिलच्या परसात पडून आहे. ते गेल्या हिवाळ्यात वारले. मित्रांनो, एखादी रेघ सरकवावी लागली, तर तिथे ज्यांचे कोणी आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. आणि मला कोणी उचलून नेलेच, तर टाकीच्या तळाशी वाळलेला चुना तेवढा खरवडू नका. तो त्या शेवटच्या ठिपक्याचा आहे.