पाठ फिरवायचा मान

बहारीनमधल्या हिद्दच्या त्या कॅम्पात रावजींना दोन मान होते. फोरमनकीचा मान कंपनीनं दिलेला. शुक्रवारी पाठ फिरवायचा मान त्यांनी स्वतःच घेतलेला, आणि हा दुसरा ते जास्त जपत.

त्र्याण्णव साली कंत्राटदाराच्या कँटीनमधली डाळ इतकी पातळ झाली की तिच्यातून ताटाच्या तळावरचा शिक्का वाचता यायला लागला. तेव्हा अकरा मराठी माणसांनी मिळून ग्राहक संघ काढला. कंपनीला ‘संघ’ हा शब्द पचत नसे, म्हणून बाहेर त्याला मासे पार्टी म्हणायचं. तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, कांदे एकत्र आणायचे, तराजूवर वाटायचे आणि आपापल्या खोलीत शिजवायचे. मासळीला मात्र तराजू चालत नसे. हमूरच्या पोटाचा तुकडा आणि शेपटीचा तुकडा तराजूला सारखाच, जिभेला नाही. म्हणून गावाकडची रीत. अकरा वाटे मांडायचे. एकानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून “हा कोणाचा?” म्हणून विचारायचं. पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. तक्रारीला जागा नाही.

बोट ठेवायचा श्रीवर्धनचा ताहिर, स्टोअरमधला क्लार्क. नावं घ्यायचे रावजी. पहिलं नाव ते स्वतःचं घेत. आपलं एकदा आटपलं की पुढे निःस्वार्थीपणानं वाटता येतं, असं त्यांचं मत होतं. शेवटचं नाव धम्मदीपचं. तो संघात आला सहा महिन्यांमागे, गावी परतलेल्या एकाच्या जागी, तेव्हा शेवटी येणं ओघानंच आलं. आता त्याच्यानंतर कोणी नवा आला नाही, याला रावजी काय करणार? जात तर ते मानतच नसत. तसं ते दर शुक्रवारी सांगत.

त्या शुक्रवारी वाटे मांडून झाले आणि धम्मदीप उभा राहिला. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन माणूस, बोलणं मोजकं.

“सव्वीस शुक्रवार झाले. सव्वीस वेळा डोकं आणि शेपटी. हे वाटप नाही, रावजीभाऊ, ही फसवणूक आहे.”

रावजींच्या कानशिलाची शीर उडाली. “कोणाला फसवणूक म्हणतोस रे? माझ्या पाठीला डोळे आहेत? तुझं नशीब शेपटीचं, त्याला मी काय करू?”

“नशीब सव्वीस वेळा एकाच खोलीत येतं?”

“संघाचा नियम माहीत आहे ना? चोरीचा आळ घेतला तर सिद्ध करायचा. नाहीतर खलास! उद्यापासून कँटीन. डाळीत तोंड बघत बस.”

बाकीचे नऊ जण पायांकडे बघत राहिले. धम्मदीपला संघात येण्याआधी तीन महिने कँटीनचं खाऊन पोटाचा आजार झाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रावजींना सगळ्यांत आधी ठाऊक होतं, कारण त्याच्या सिक लीव्हवर सही त्यांचीच होती.

“सिद्ध करतो,” धम्मदीप म्हणाला. “आत्ताच. तुम्ही नेहमीसारखी पाठ फिरवा. नावं कशीही घ्या.”

रावजी भिंतीकडे वळले. समोर खिडकीतला एसी आणि त्याखाली थेंब झेलणारी बादली. क्षणभर मनात आलं, आज याचं नाव मध्येच घेऊन टाकावं, तोंड बंद होईल. पण मग रावजी घाबरला म्हणतील. छे! क्रम बदलायचा नाही.

मागे चपला सरकल्या. कोणीतरी खोकलं. कोणीतरी हसू गिळलं.

“यल्ला, चल ताहिर!” रावजी भिंतीला म्हणाले.

“हा कोणाचा?” ताहिरचा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला.

“माझा,” रावजी ठणकावून म्हणाले.

मग एकामागून एक नावं. शेवटचा “हा कोणाचा?” आला तेव्हा रावजींनी “धम्मदीप” हे नाव दाराची कडी लावावी तसं लावलं आणि वळले.

धम्मदीपसमोर हमूरच्या पोटाचे चार जाड, पांढरे तुकडे होते. रावजींच्या वाट्यात एक डोकं, दोन शेपट्या आणि तोंड उघडं राहिलेली एक बारीक शेरी मासळी. ती शेरी त्यांच्याकडेच बघत होती.

“हा माझा वाटा नाही!”

“मग कोणाचा?” धम्मदीपनं विचारलं.

रावजींनी तोंड उघडलं, आणि शेरीसारखंच उघडं ठेवलं.

ताहिर मान खाली घालून म्हणाला, “रावजीभाऊ, मी चांगले तुकडे आधी लावतो, आणि बोटपण तिथनंच ठेवत येतो. हाताला सवय पडलीय. आज धम्मदीपनं शेवटच्या वाट्यापाशी बसून खूण केली, म्हणून बोट तिकडनं सुरू केलं. बाकी काहीच बदललं नाही.”

“तू मला अडकवलंस, ताहिर!”

“नावं तुम्हीच घेतलीत.”

धम्मदीपनं आपला वाटा पिशवीत भरला. “आमच्या गावातही शेवटचा वाटा आमचाच असायचा,” तो म्हणाला. “तिथले लोक निदान पाठ फिरवायचं नाटक तरी करत नव्हते.”

रावजींनी शेपट्या उचलल्या, कारण न उचलून चालणार नव्हतं, दहा जण बघत होते. दार त्यांनी असं आपटलं की बादली हिंदकळली.

ते गेल्यावर दहा जणांनी ठरवलं, पाठ फिरवायची पाळी दर शुक्रवारी बदलायची. पहिली पाळी धम्मदीपची.

तो आठवडाभर रावजींनी तयारी केली. आपलं नाव शेवटी येणार, हे नक्की. आल्याबरोबर काय बोलायचं, ते त्यांनी पाण्याच्या दाबाची हायड्रोटेस्ट चालू असताना पाइपांना तीनदा म्हणून दाखवलं. शुक्रवारी धम्मदीप भिंतीकडे वळला. ताहिरनं बोट ठेवलं. पहिलं नाव आलं, दुसरं, तिसरं.

“हा कोणाचा?”

“रावजीभाऊंचा.”

चौथा! पोटाचे दोन तुकडे, शेपटी एक. ना तक्रार करण्यासारखा, ना मिरवण्यासारखा. पाठ केलेलं भाषण वाया गेलं. खोलीवर जाऊन त्यांनी तुकडा न् तुकडा उलटापालटा करून पाहिला, वास घेतला, कल्ले तपासायला डोकंच नव्हतं. काहीच सापडेना, तसा संताप वाढत गेला. शेवटी ते स्टोअरवर गेले.

“ताहिर, खरं सांग. त्यानं मला चौथा का दिला?”

“त्याला काय दिसतंय, रावजीभाऊ? पाठीला डोळे थोडेच असतात?”

ही गोष्ट रावजी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. त्यांना ती त्या दिवशी पहिल्यांदाच पटली नाही.