मुक्ताबाईचं पातेलं

खर्डा गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. दुष्काळात बाभळीसुद्धा तुटून चुलीत गेल्या, त्यामुळे सरपणाच्या नावानं शंख, आणि रॉकेल आलं की दुकानापुढं ही झुंबड. ऊन मात्र पाहिजे त्याच्या दुप्पट, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

शाळेतले चित्रकलेचे मास्तर शामकांत या उन्हाच्या मागं लागले. त्यांनी लाकडाची एक पेटी केली. वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. आत डाळ ठेवा, रानात जा, परत येऊन जेवा. पाच-सहा घरांनी भांडवल घातलं तर गावातच अशा पेट्यांचा कारखाना काढू आणि तालुकाभर विकू, असं ते दारोदार सांगत फिरले. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विषय सोडून दिला. एकट्या मुक्ताबाईनं मास्तरांच्या अंगणात शिजलेली डाळ चाखली आणि पुढच्याच बाजाराला आपली दुभती शेळी विकून टाकली.

"शेळी दूध देत हुती. ऊन काय देनार?" तिचा नवरा गहिनीनाथ म्हणाला.

"चूल फुकायची वाचल. डोळं तरी ऱ्हातील."

तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. शेळीच्या पैशांची काच नगरहून येऊन पडली होती. आणखी घरं भागीदार झाली नाहीत तर कारखाना नाही, आणि शेळीही गेली ती गेलीच. म्हणून रविवारी किल्ल्याच्या दरवाजापुढं सगळ्या गावासमोर डाळ शिजवून दाखवायचं ठरलं. पातेलं मुक्ताबाईच्या घरचंच असू दे, म्हणजे हातचलाखीचा संशय नको, असं मास्तर म्हणाले.

मास्तरांची भांडी तिनं पाहिली होती. बाहेरून काळीकुट्ट. घरात बाईमाणूस नाही, चालायचंच. पण आपलं पातेलं अख्खं गाव बघणार म्हटल्यावर तिनं सकाळी राख घेतली, चिंच घेतली आणि पितळेचं पातेलं असं घासलं की त्यात बघून कुंकू लावावं.

सकाळीच पेटी उन्हात मांडली. दुपारी काच उचलली, तर डाळ पाण्यात होती तशीच बसलेली, टणक.

दुकानदार बन्सी, नात्यानं तिचा चुलतदीर. त्यानं एक दाणा दाताखाली धरून बघितला. "वयनी, उद्यापातुर व्हईल का?"

माणसं हसली. काहीजण चपला शोधू लागले. गहिनीनाथाकडं बघायचं मुक्ताबाईला धाडस होईना.

मास्तर वाकले आणि पातेल्याकडं बघतच राहिले. "हे इतकं कुणी घासलं?"

"मीच. चिंच लावून."

"अहो, चकचकीत भांडं ऊन परत धाडतं, काळं भांडं पिऊन घेतं. माझी भांडी मी मुद्दाम काजळी फासून काळी केली आहेत. हे सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी."

"म्हंजी बिनघासली भांडी मांडायची व्हय?" बन्सी म्हणाला, आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

खर्ड्यात बाईची पारख भांड्यांवरून व्हायची. काळ्या बुडाचं पातेलं दिसलं की सासवा सुनेचं माहेर काढायच्या. मुक्ताबाईला रडू यायचंच बाकी होतं. पण तिनं पदर खोचला, जवळच्या घरातून तवा मागून आणला, बुडाची काजळी खरवडून तेलात कालवली आणि हात दुखेपर्यंत घासलेलं ते पातेलं सगळ्यांदेखत बाहेरून काळं केलं.

"आता बसा," ती म्हणाली. "डाळ खाल्ल्याबिगर कुनी उठायचं न्हाई."

तेवढ्यात गहिनीनाथच उठला. तिला वाटलं, हा चालला घरी. पण तो पेटीपाशी जाऊन बसला आणि ऊन सरकेल तशी पेटी फिरवू लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्याविषयी एवढी माया तिला कधी वाटली नव्हती.

उन्हं कलायच्या आत काचेवर वाफ धरली. काच उचलून पळी घातली, तर डाळ आपोआप मोडली. बन्सीनं भाकरी कुस्करून दोनदा मागून घेतली आणि वर मीठ कमी असल्याचं सांगितलं. बायका मात्र डाळ चाखून लगोलग घरी गेल्या. त्यांच्या मनात काय आहे, ते मुक्ताबाईला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली, तर त्या भांडी घासत बसल्या होत्या. पातेली आतून लख्ख झाली होती. बाहेरून मात्र एकीनंही हात लावला नव्हता.