धूर पिणारं भूत

"प्यायलं! बघा, बघा, प्यायलं!"

नारिन शहराकडच्या त्या क्षयाच्या दवाखान्यात, खोल्यांसमोरच्या बोळात, आजारी एमिलबेकचं अख्खं गणगोत जमलं होतं. सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. मधोमध जानुझाक मांत्रिक, हातात तवा, तव्यावर धुमसणारा अद्रश्मान. दृष्ट काढायला हा पाला घरोघरी जाळतात, त्याचं कोणाला अप्रूप नव्हतं. अप्रूप होतं धुराचं. एमिलबेकच्या खोलीच्या बंद दाराखालच्या फटीतून धूर सरसर आत ओढला जात होता.

"भूत श्वास घेतंय," जानुझाक म्हणाला. "पोराचं रक्तही असंच पितंय. एमिलबेक, मी दिलेला मंतरलेला नमदा उशाशी भिंतीतल्या हवेच्या जाळीत कोंब. त्याची वाट तीच!"

एकट्यानं राहून कंटाळलेल्या एमिलबेकनं लोकरीचा तो तुकडा घट्ट कोंबला. थोड्याच वेळात धूर दाराशी घुटमळला आणि उलटा बाहेर वळला.

"गेलं!" सगळे ओरडले. एमिलबेकच्या आईला, सायराआपाला, रडू आवरेना. लेकाला घरी न्यायला गाडी फाटकाशी उभीच होती. घरी त्याची दोन वर्षांची लेक वाट बघत होती.

तेवढ्यात डॉक्टर बुरुल आली. बाहेर येणारा धूर पाहून ती धावतच दाराशी पोचली.

"मास्क वर घ्या! मागे सरा सगळे!"

स्वतःचा मास्क घट्ट करून ती आत गेली, नमदा उपसून आली. धूर पुन्हा मुकाट आत शिरू लागला.

"काय केलंस हे पोरी! गेलेलं भूत परत आणलंस!" सायराआपा कळवळली.

"आपा, शेजारची खोली रिकामी आहे. तवा तिथे धरू."

तिथेही धूर तितक्याच हौसेनं आत गेला.

"ते इकडे पळालं," जानुझाक म्हणाला.

"मग एमिलबेकच्या दाराशी कोण पितंय?"

"जुळं आहे."

बुरुलला हसू आलं, रागही आला. "ते असू दे. पण जाळी इतकी खाली कोणत्या गाढवानं बसवली?"

"गाढव कोणाला म्हणता? उशाशी खालीच बसवतात ती! मी स्वतः..." जानुझाकनं जीभ चावली.

"मी स्वतः काय?" एमिलबेकच्या थोरल्या मामानं विचारलं.

"इथल्या हवेच्या नळांची पत्र्याची कामं करायचो," जानुझाक तव्याकडे बघत पुटपुटला.

"ऐका," बुरुल म्हणाली. "पंखा प्रत्येक खोलीतली हवा जाळीतून ओढतो, गाळतो आणि छपरावर सोडतो. म्हणून बोळातली हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. नमदा कोंबल्यावर भूत गेलं नाही. पोराच्या खोकल्याची हवा तुमच्या नाकाशी आली."

हनुवटीवरचे मास्क झटक्यात नाकावर चढले. सगळ्यांत आधी जानुझाकचा. वर त्यानं आणखी एक मागितला.

"मंत्र आहे ना तुझ्याकडे?" मामा म्हणाला. जानुझाक जिन्यापर्यंत पोचलाही होता.

सायराआपा मात्र हसली नाही. "मी त्याला लेकीजवळ नेत होते," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "घरी कधी नेता येईल?"

"औषधं चालू ठेवा. थुंकी तपासून जंतू नाहीत असं दिसलं की न्या."

आपानं दाराच्या काचेला हात लावला. "राहा रे बाळा," ती म्हणाली आणि गाडी परत पाठवायला निघाली.

धूर आत जातो हे बोळातल्या प्रत्येकाला दिसलं होतं. का जातो, हे एकानंही विचारलं नव्हतं. त्या न विचारण्याची शिक्षा दोन वर्षांच्या पोरीला झाली असती. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्रश्न विचारा.