कंडक्टरबाईंची शुगर

नेकनूर सोडलं तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाजार उठला होता. पिशव्या, पोती आणि माणसं एकमेकांवर रेलली होती. सुरेखा सीटच्या दांडीला डावा दंड घट्ट टेकवून, तोल सांभाळत तिकिटं काढत होती. मांजरसुंब्याच्या आत सगळी तिकिटं व्हायला हवी होती, कारण तपासणीवाले नेमके तिथेच गाडी अडवत. कमरेच्या पिशवीत फोन थरथरत होता. कुणाचा आहे ते तिला न बघता कळत होतं.

"बाई, तुमचा फोन वाजतोय," एक म्हातारी म्हणाली.

"वाजू द्या. तुमचं आधार कार्ड दावा."

फोन थांबला आणि पुढे ड्रायव्हर तानाजीचा वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजला. तानाजीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि फोन कानाला लावला. मग मान वळवून, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, तुमचे मालक हायत. तुमची शुगर लई खाली गेलीय म्हणतेत. गाडी पुढं नेऊ नका म्हणतेत."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले.

सुरेखाने पिशवीतून छोटं मशीन काढलं, बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब धरला. एकशे एक्केचाळीस. तिने तानाजीचा फोन घेतला.

"अहो, मला कायबी झालं न्हाई. आत्ता टोचून बघितलं. एकशे एक्केचाळीस हाय."

"इथं चाळीस दावतंय," वैजिनाथचा आवाज कापत होता. "तू फोन कावून उचलत न्हाईस?"

"तिकिटं काढू का फोन उचलू? दंडावरचा त्यो सेन्सर खराब हाय. दाबला की असंच दावतोय."

"तुला तवा कळत नसतंय, सुरेखा. मागं तरी कुठं कळलतं?"

तिने फोन तानाजीला परत दिला आणि दोन बेल देऊन गाडी पुढे काढली.

मागच्या वर्षी ती न्हाणीघरात बेशुद्ध पडली होती. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर मागे लागलेली इन्सुलिनची शुगर तोवर तिने एकटीनेच सांभाळली होती. ड्युटीही सोडली नव्हती. त्या दिवशी मात्र वैजिनाथने परळीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानातून धावत येऊन दार फोडलं आणि सासूबाई शांतादेवींनी तिच्या हिरड्यांवर साखर चोळली. ती शुद्धीवर आली तेव्हा वैजिनाथ ओल्या फरशीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. त्यानंतर दंडावर सेन्सर आला. नाण्याएवढी पांढरी चकती. तिच्या रक्तातली साखर दुकानातल्या वैजिनाथच्या फोनवर दिसू लागली. सुरुवातीला तिलाही बरं वाटलं. कुणीतरी आपल्याबरोबर आहे असं वाटायचं.

मग सेन्सर बिघडायला लागले. एक उन्हाळ्याच्या घामात सुटून पडला. एक आकडाच दाखवेना. एक झोपेत कूस बदलली की बोंबलायचा. दर वेळी वैजिनाथ कंपनीला फोन लावायचा, चकतीचे फोटो पाठवायचा आणि कुरिअरने दुसरा सेन्सर यायचा. पण मधल्या दिवसांत कोणताही आकडा खरा असू शकत होता, म्हणून घरातले सगळ्यात वाईट आकड्यावर विश्वास ठेवायचे. न्हाणीघराची कडी तिने लावायची नाही असं ठरलं. माहेरी एकटीने जायचं नाही. शेजारणीकडे जास्त वेळ बसली तरी शांतादेवी दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. एक एसटी तेवढी राहिली होती. गाडीने परळी सोडली की दोन बेल देताना तिला वाटायचं, आता संध्याकाळपर्यंत आपण आपल्या.

मांजरसुंब्याला तपासणीवाले नव्हते. बजरंग होता. हा वैजिनाथचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या ढाब्यावरची सगळी पातेली त्यांच्याच दुकानातली. हातात साखरेच्या पाण्याचा मोठा ग्लास घेऊन तो गाडीच्या दाराशीच उभा होता.

"वहिनी, घ्या. शेटचा फोन आलता."

"बजरंगभाऊ, माझी शुगर बरोबर हाय. हे पिलं तर उलट वाढंल."

"मी शेटला शब्द दिलाय. तुमी पिल्याबिगर मी हलणार न्हाई."

माणसं खाली उतरून गोल करून उभी राहिली. त्यात गावचे पुढारी आप्पाराव होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. "प्या ताई," ते समजुतीने म्हणाले. "गाडीत येवढी माणसं हायत. तुमाला काय झालं तर?" मग तानाजीकडे वळून म्हणाले, "असल्या आजारी बाईला ड्युटीवर पाठवतेच कावून हे लोक?"

सुरेखाने पुन्हा टोचून दाखवलं. कुणी त्या आकड्याकडे बघितलं नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कधी कोसळते ते. गाडीला उशीर होत होता. तिने ग्लास घेतला आणि सगळ्यांसमोर रिकामा केला.

बीडला पोचेपर्यंत तिचा घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे धूसर झालं. बोटातली साखर तीनशेच्या वर गेली होती. स्थानकातल्या बायकांच्या संडासात, श्वास रोखून, भिंतीला टेकून तिने पोटात इन्सुलिन घेतलं. सेन्सर तेव्हाही चाळीसच दाखवत होता. संध्याकाळी तो आपोआप बंद पडला.

आप्पारावांनी त्याच दिवशी आगारात फोन केला होता. आगारप्रमुखांनी सुरेखाला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. ते रागावले असते तर तिला भांडता आलं असतं.

"तुमच्या चांगल्यासाठीच सांगतो," ते म्हणाले. "उद्यापासून परळी स्थानकात चौकशीच्या खिडकीवर बसा. घरही जवळ, दुकानही समोर."

वैजिनाथ ऐकून मोकळा श्वास घेत म्हणाला, "बरंच झालं की." त्या दिवशी त्याने पोटभर जेवण केलं.

आठवड्याभरात कंपनीचा निरोप वैजिनाथच्या फोनवर आला. सेन्सर सदोष होता, दिलगीर आहोत, बदली सेन्सर पाठवत आहोत. सुरेखा तो फोन घेऊनच आगारप्रमुखांकडे गेली.

"बघा साहेब. कंपनीच म्हणतीय. मला काय झालंच नव्हतं."

त्यांनी निरोप वाचला, पुन्हा वाचला. "म्हणजे या यंत्राचा भरवसा नाही," ते सावकाश म्हणाले. "मग तर तुम्हाला लाईनवर पाठवणं अजूनच अवघड. उद्या खरंच शुगर उतरली आणि यंत्रानं सांगितलंच नाही तर?"

आकडा खरा असला तरी ती खिडकीत, खोटा असला तरी खिडकीत.

घरी येऊन ती वैजिनाथला म्हणाली, "नवा लावणार न्हाई मी. बोटाला टोचून बघत जाईन, दिवसातून धा वेळा. पयलं तेच करत होते."

"नको लावू," वैजिनाथ म्हणाला. "पण मग मी दुकानात बसू कसा, तेवढं सांग. दार फोडतानाचा आवाज अजून जात न्हाई माझ्या कानातून."

तिने त्याच्याकडे बघितलं. वर्षभरात त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिने बाही वर केली आणि दंड पुढे धरला.

आता ती खिडकीत बसते. जाळीमागून गाड्या लागताना आणि सुटताना दिसतात. तानाजीच्या गाडीवर नवी मुलगी आली आहे. ती बेल फार घाईने देते.

एका दुपारी खिडकीसमोर रांग होती. माणसांना बाजूला सारत वैजिनाथ पुढे आला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ग्लुकोजचा डबा. धापा टाकत होता. "पंचावन्न," एवढंच म्हणाला.

सुरेखाने मशीन काढलं, बोट टोचलं आणि जाळीखालच्या फटीतून त्याच्यासमोर धरलं. एकशे अठरा. वैजिनाथने मशीन बघितलं, मग फोन, मग पुन्हा मशीन. मागे माणसं चुळबुळत होती.

"आणखी एकदा बघ," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या बोटाला."

तिने दुसरं बोट टोचलं. एकशे सोळा.

तो तिथेच उभा राहिला. सुरेखाने बोटावरचं रक्त कापसाने पुसलं आणि पदर सारखा केला.

"साहेब, जरा बाजूला व्हा," ती कुठल्याही प्रवाशाला सांगावं तशी म्हणाली. "पुढं कोण हाय? बोला मावशी, कुठं जायचंय?"