वन्सं परक्या झाल्या

स्वतःच्या लग्नाचे कपडे वन्सं दुसऱ्या कुणाच्या हाती देतील तर शपथ! लॉन्ड्री भावाची असली तरी इस्त्रीचं टेबल त्यांचं होतं. वरच्याच खोलीत त्या जन्मल्या, आणि लहानपणी दुपारची झोप घेतली तीही याच टेबलाखाली, गरम चादरींच्या ढिगावर.

वन्सं हे नाव वहिनींची देणगी. वहिनी म्हणजे त्यांच्या भावाची बायको, लग्न करून परदेशातून आलेली. नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायचं असं सासूबाईंनी शिकवलं, आणि वहिनींनी ते इतक्या खणखणीत आवाजात पाळलं की सगळी गल्लीच वन्सं म्हणायला लागली.

वहिनींची एकच तक्रार होती. राहण्याचा परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्या कायम जवळ बाळगत, पण रंगानं गोऱ्यापान, त्यामुळे कुणी तो मागेल तर ना! दोघं भावंडं मात्र बापावर गेलेली, सावळी. परदेशी लोक शोधत फिरणारं पथक आलं, की बसथांब्यावरच्या रांगेतून नेमकं वन्संना बाजूला घेई.

"मला एकदा तरी विचारा रे मेल्यांनो," वहिनी चरफडायच्या. "फोटो किती छान आलाय माझा!"

त्या सकाळी भाऊ हॉटेलच्या चादरी पोचवायला गेला होता आणि तिथूनच परस्पर विवाह कार्यालयात येणार होता. नवरा मुलगा जहाजावरचा खानसामा. दुसऱ्या दिवशी जहाज सुटणार आणि सहा महिने परतणार नाही, म्हणून आजचा नंबर चुकवून चालणारच नव्हतं. वन्संनी शेवटची घडी दाबून बसवली. वहिनींना भरून आलं, आणि भरून आलं की त्या चेष्टा करत.

"वन्सं, आजपासून तुम्ही परक्या हं!" त्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या. "आता इथे पाहुण्यासारखं यायचं!"

दारावरून जाणारे साहेब थबकले. हे पथकाचेच साहेब. परकी एवढा एकच शब्द त्यांच्या कानात शिरला, आणि आत डोकावल्यावर दोघींपैकी परकी कोण ते त्यांनी बघताक्षणी ठरवून टाकलं.

"कार्ड दाखवा," ते वन्संना म्हणाले.

"विवाह कार्यालयात जमा आहे, साहेब. आज लग्न आहे माझं."

"असं सगळेच म्हणतात. चला गाडीत, चौकीवर बघू."

चौकीवर दिवस कसा जातो ते त्यांना ठाऊक होतं. राग आला, रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"अहो, मुलगी सासरी निघाली की परकी म्हणतात!" वहिनी मध्ये पडल्या. "आणि परदेशीच हवी असेल तर ही मी उभी आहे. हा घ्या परवाना!"

साहेब हसले. "चेष्टा पुरे, बाई. तुम्ही आपल्यातल्याच दिसता."

झालं! वहिनींचा पारा चढला. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, वन्संचे कपडे हँगरसकट खांद्यावर टाकले आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या. "मी परदेशी आहे. माझी तपासणी झाल्याशिवाय मी उतरणार नाही. आणि हिचं कार्ड बघायचंय ना? विवाह कार्यालय चौकीच्या वाटेवरच आहे. बघा आणि व्हा मोकळे!"

साहेबांनी दोनदा उतरा म्हणून बघितलं. मग बघ्यांची गर्दी जमायला लागली तसे त्यांनी ड्रायव्हरला मुकाट्यानं कार्यालयाकडे घ्यायला सांगितलं. वन्संनी कपडे बदलले ते कार्यालयाच्या न्हाणीघरात.

खिडकीमागच्या कारकुनानं वन्संचं कार्ड काढून दिलं. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. जन्मस्थळ म्हणून याच गावाचं नाव होतं. "ठीक आहे," ते पुटपुटले. माफीबिफी काही नाही.

तेवढ्यात नंबर पुकारला. बाकावर वाट बघत बसलेला खानसामा वन्संजवळ येऊन उभा राहिला.

"साक्षीदार दोघं लागतात. कार्डं दाखवा," कारकून म्हणाला.

वहिनींचा चेहरा असा उजळला की नवरी कोण असा प्रश्न पडावा. "दाखवते! मागची बाजूही बघा हं!"

"आणि दुसरे?"

भावाचा पत्ता नव्हता. कारकुनाचं लक्ष गणवेशाकडे गेलं. "साहेब, तुम्हीच करा की सही. कार्ड?"

साहेबांनी खिसे चाचपले. एक, दुसरा, मागचा. "चौकीवर राहिलं वाटतं. मला कोण मागतंय एरवी!"

"असू द्या, साहेब. तुमचा चेहरा पुरे आहे." कारकुनानं त्यांच्या हातात पेन दिलं.

"हो ना," वन्सं म्हणाल्या. "सकाळी माझाही चेहराच पुरला होता साहेबांना."

साहेबांचे कान लाल झाले. हातातलं पेन त्यांनी टेबलावर ठेवलं. वन्संनी खानसाम्याचा हात घट्ट धरला आणि कारकुनाला म्हणाल्या, "कार्डाशिवाय सही नको. माझा भाऊ येईल. नंबर गेला तर जाऊ दे."

पुढच्या जोडप्याचं नाव पुकारणार, इतक्यात भाऊ घामाघूम होऊन आत घुसला. वाटेत त्यालाही अडवलं होतं. कार्ड अजून त्याच्या हातातच होतं.

बाहेर आल्यावर वहिनी रडल्या आणि हसल्या. "झालात हो परक्या, वन्सं," त्या पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, आणि चटकन मागे वळून बघितलं.

साहेब गाडीला टेकून उभे होते. या वेळी त्यांना काहीच ऐकू आलं नाही.