शंभर पावलं

शिंपिणीच्या नवऱ्याने तिच्या दुकानापासून शंभर मीटर लांब राहायचं, असा कोर्टाचा हुकूम. कागद हातात पडला त्याच सकाळी नवरोबांनी हवालदारासमोर दुकानाच्या उंबऱ्यापासून मोठमोठ्याने शंभर पावलं मोजली, खडूने रेघ ओढली आणि रेघेवरच खुर्ची टाकून बसले. "कायदा पाळणारा माणूस आहे मी!" हवालदाराने मान डोलावली. मान त्याला तेवढ्यासाठीच दिलेली होती.

नऊ दिवस तो तिच्या दारावर डोळे रोखून बसला. गिऱ्हाइकं परस्पर दुसरीकडे जाऊ लागली. त्याने मोडलेलं तिचं मनगट आत्ता कुठे सांधलं होतं, आणि लेक शाळेत जायचं नाव काढेना. हा उठला नाही तर दुकानाला कुलूप लावून पळावं लागणार, हे तिला कळून चुकलं.

दहाव्या दिवशी तो आळस द्यायला उभा राहिला. नव्या पँटचे पाय जमिनीवर लोळत होते. तिला फिस्सकन हसू आलं. हा बाबा जगाला उंची पाच फूट दहा सांगायचा, आणि अकरा वर्षं ती गुपचूप त्याच्या पँटी चार बोटं आखूड करायची. नव्या शिंप्याने बिचाऱ्याने त्याचं खरं मानलं होतं. अठ्ठावीस इंची पाय, आणि पाऊल म्हणे मीटरभराचं!

तिने हवालदाराला उंबऱ्याशी बोलावलं आणि टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. वाकायचं, खूण करायची, उठायचं, पुढे सरकायचं.

"आली बघा वाकत वाकत!" नवरा खिदळला. "शेवटी पायच धरणार!"

रेघेशी ती ताठ उभी राहिली. "सेहेचाळीस वेळा टेप. दीड मीटरची. किती झाले, हवालदारसाहेब?"

हवालदार बोटांवर बराच वेळ अडकला. "एकोणसत्तर."

"यांच्यासमोर शंभर मोजलीत मी!" नवरा ओरडला.

"पावलं मोजलीस. ती केवढाली आहेत, ते मला विचारायचंस."

"अहो ताई, थोडं इकडंतिकडं व्हायचंच," हवालदार पुटपुटला.

"कागदावर 'थोडं' कुठे लिहिलंय?"

गल्ली फिदीफिदी हसत होती. हवालदाराने नाइलाजाने नवऱ्याचा दंड धरून त्याला चालवत नेलं. पँट पायाखाली येऊन तो दोनदा अडखळला.

चार बोटं, तिने नजरेनेच मापली. आणि या वेळी सुई हातात न घेता दुकानात गेली.