गुरुजींच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी एक ओळ

मी एक जुनी बिल्ड स्क्रिप्ट आहे. मित्रांनो, नाव ऐकून पळू नका. धान एकच असते, पण कोणाला तांदूळ हवा, कोणाला पोहे, कोणाला मुरमुरे. लोक लिहितात तो कोड म्हणजे धान. त्यातून विंडोजवर, लिनक्सवर, मोबाईलवर चालेल असा वेगवेगळा प्रोग्राम मी काढून देते.

माझा जन्म आरमोरीत, दामिनीताईंच्या टायपिंग सेंटरमध्ये झाला. त्यांनी गोंडी शब्द बोलून दाखवणारा शब्दकोश केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही फुकट घ्यावा, कोणीही सुधारावा. आवाज गोंडी बोलणाऱ्या मंगलीबाईंचा. त्यांच्या जंगलातल्या गावी भूपेश गुरुजी शिकवतात. गुरुजींना गोंडी येत नाही, पहिलीच्या पोरांना मराठी येत नाही. मध्ये हा शब्दकोश.

शब्दकोशाचे कौतुक खूप झाले. माझे? भात गोड लागला म्हणून गिरणीला कोणी विचारते का! विंडोज सावरावे तर लिनक्स रुसते, त्याला समजवावे तर मोबाईल फुगून बसतो. आणि काही मोडले की जो तो म्हणतो, "माझ्याकडे तर चालते." हे वाक्य ऐकून ऐकून माझा जीव विटला आहे.

मग कोड सुधारायला आलेल्या नागपूरच्या प्रफुलने मला 'साफ' केले. एक वेडीवाकडी ओळ काढून टाकली. मी पिवळ्या अक्षरांत धोक्याचा इशारा देत बोंबलले. पण पिवळे कोण वाचते?

नवी आवृत्ती शाळेत पोचली आणि गुरुजींचा फोन आला. "ताई, पडदा कोराच आहे. पोरं माह्या तोंडाकडे पाहून राह्यले, मी त्यांच्या!"

"माह्याकडे तर चालते, गुरुजी," ताई म्हणाल्या. घ्या! याही तशाच!

मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि प्रफुलला फोन लावला. "काऊन काढली ती ओळ?"

"लय घाण दिसत होती, ताई. एवढं जुनं विंडोज आता कोण वापरते?"

"तुया घरची चूल बी काळीच दिसते. फोडून टाकशील का?"

"पण ती कशासाठी आहे, हे कुठी लिवलं होतं तुमी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या बाजूने बोलले, आणि तोही मला कापणारा!

ओळ परत आली. तिच्या डोक्यावर ताईंनी लिहिले: 'ही भूपेश गुरुजींच्या कॉम्प्युटरसाठी. काढायची असेल तर आधी त्यांना फोन करा.' दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फोन लावून कॉम्प्युटरजवळ धरला; मंगलीबाईंचा आवाज आला, "एर," आणि मागून सगळा वर्ग ओरडला, "पाणी!"

मित्रांनो, जुने झाडून टाकण्याआधी ते कोणाच्या घरी अजून कामात आहे, एवढे विचारा. आणि ठेवणाऱ्यांनो, का ठेवले ते लिहून ठेवा. आम्हाला बोंबलता येते, समजावता येत नाही.

परवा माजरी गावची आचल मला झाडायला आली. नवीच आहे. झाडत झाडत त्या ओळीपाशी थांबली आणि तिने खरंच फोन लावला.

"गुरुजी, तुमचा तो कॉम्प्युटर जिवंत आहे का?"

"हाव ना बाई. मी थकलो, तो नाई थकला."

आचलने ओळ राहू दिली.